लास्कोच्या बैलावरचे सहा ठिपके कृत्तिकाच आहेत का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी फ्रान्समधील लास्को गुहेतल्या बैलाचे चित्र निवडले आहे आणि त्याखाली ‘१७,००० वर्षांपूर्वीचा आकाशाचा नकाशा’ असे लिहायचे ठरवले आहे. हे विधान टिकते का, ते तपासायचे कसे, आणि टिकत नसेल तर फलकावर काय लिहावे, हे आपण विचारले आहे. गेली तीस वर्षे मी आकाशनिरीक्षणाचे वर्ग घेतो आहे आणि जुन्या अवशेषांविषयीचे खगोलशास्त्रीय दावे गणिताने पडताळून पाहणे हा माझा आवडीचा अभ्यास आहे. माझे उत्तर आधीच सांगतो: बैलाच्या खांद्यावरचे सहा ठिपके कृत्तिकांचे असणे शक्य आहे, पण ते सिद्ध झालेले नाही, आणि ‘नकाशा’ हा शब्द तर आज हाती असलेल्या पुराव्याला मुळीच पेलत नाही. या उत्तरापर्यंत मी कसा आलो, हे सविस्तर सांगितले तरच मुलांना त्याचा उपयोग होईल.

लास्को ही गुहा नैर्ऋत्य फ्रान्समध्ये दोर्दोन्य प्रांतात, मोंतिन्याक गावाजवळ आहे. १२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राविदा आणि त्याचे तीन मित्र तिच्यात उतरले आणि ती जगापुढे आली. १९४८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पण माणसांच्या श्वासामुळे आणि उजेडामुळे चित्रे बिघडू लागल्याने १९६३ मध्ये बंद करावी लागली. आज पर्यटक पाहतात त्या हुबेहूब प्रतिकृती. आत शिरल्यावरच्या मोठ्या दालनाला ‘बैलांचे दालन’ म्हणतात. तेथे ऑरॉक्स या आता नामशेष झालेल्या जातीचे प्रचंड रानबैल रंगवलेले आहेत आणि त्यांतला सर्वात मोठा पाच मीटरहून लांब आहे. याच दालनातील एका बैलाच्या खांद्याच्या किंचित वर, पाठीच्या रेषेला न चिकटता, सहा काळ्या ठिपक्यांचा छोटा पुंजका आहे. त्याच बैलाच्या चेहऱ्यावर, डोळ्याभोवतीही ठिपके आहेत.

आता आपल्या आकाशातली वृषभ रास डोळ्यांपुढे आणा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसणारा ताऱ्यांचा गट म्हणजे बैलाचा चेहरा, त्यातला तांबूस तेजस्वी तारा रोहिणी म्हणजे बैलाचा डोळा, आणि जरा अंतरावर खांद्याच्या जागी कृत्तिकांचा पुंजका. साध्या डोळ्यांनी बहुतेकांना कृत्तिकेत सहाच तारे मोजता येतात. कार्तिकेयाच्या माताही सहाच. चित्रातला बैल आणि आकाशातला बैल असे शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो, आणि तो माझ्याही अंगावर आला होता. १९९० च्या दशकात स्पेनमधील लुझ आंतेकेरा कोंग्रेगादो, अमेरिकेतील फ्रँक एज आणि जर्मनीतील मिखाएल राप्पेनग्ल्यूक या अभ्यासकांनी कमीअधिक फरकाने हेच साम्य पुढे मांडले. राप्पेनग्ल्यूक आणखी पुढे गेले. लास्कोत एक विवरासारखा खोल भाग आहे. तेथे पक्ष्याच्या डोक्याचा एक माणूस आडवा पडलेला आहे, समोर बायसन आहे आणि शेजारी काठीवर बसलेला पक्षी. या तिघांच्या डोळ्यांना जोडणारा त्रिकोण म्हणजे अभिजित, हंसपुच्छ आणि श्रवण या ताऱ्यांचा त्रिकोण, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय एका घोड्याखालचे २९ ठिपके म्हणजे चांद्रमासाचे दिवस, आणि एका सांबरासारख्या हरणाखालचे १३ ठिपके व त्यांच्या टोकाला असलेला रिकामा चौकोन म्हणजे अर्धा चांद्रमास व अमावास्या, असाही त्यांचा अर्थ आहे. २००० साली ही मांडणी जगभरच्या वृत्तपत्रांत आली आणि तेव्हापासून ‘जगातला सर्वात जुना आकाशनकाशा’ हे शब्द लोकांच्या तोंडी बसले.

पहिली शंका बहुतेक जण घेतात ती अशी की इतक्या वर्षांत तारे जागेवरून हलले असतील, मग तुलना करायचीच कशी? ही शंका रास्त आहे, पण येथे ती दाव्याला मारक ठरत नाही. प्रत्येक ताऱ्याला स्वतःची निजगती असते, म्हणजे तो आकाशात अगदी हळूहळू जागा बदलत असतो. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला; कृत्तिकांचा सगळा पुंजका मिळून वर्षाला विकलेच्या साधारण विसाव्या भागाइतका सरकतो, म्हणजे १७,००० वर्षांत सुमारे १४ कला, पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढा. आतले तारे एकत्रच चालतात, म्हणून पुंजक्याचा आकार तेव्हाही आजच्यासारखाच दिसत होता. रोहिणीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती त्या व्ही-आकाराच्या गटातली नाहीच. गट सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आणि रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, केवळ आपल्या नजरेच्या रेषेत येते म्हणून ती त्यात बसलेली दिसते. तिची निजगती वर्षाला विकलेच्या पाचव्या भागाएवढी आहे, म्हणजे इतक्या काळात ती जवळजवळ एक अंश सरकली. बैलाच्या चेहऱ्याची एक बाजू त्यामुळे किंचित वेगळी दिसत असणार, पण ओळखू येणार नाही इतकी नाही. चेहरा, डोळा आणि खांदा यांची मांडणी त्या माणसांनाही दिसत होती, हे निश्चितपणे म्हणता येते.

खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती समजावून सांगण्यासाठी मी वर्गात नेहमी एक घरगुती प्रयोग करून दाखवतो. स्टीलच्या ताटात कागद घालावा, त्यावर मोहरीचे वीस दाणे हातभर उंचीवरून सोडावेत आणि जेथे पडतील तेथे पेनाने ठिपके करावेत. दुसरीकडे ट्रेसिंग कागदावर कृत्तिकांचे सहा तारे तीन-चार आकारांत उतरवून घ्यावेत. मग तो कागद मोहरीच्या ठिपक्यांवर ठेवून फिरवावा, सरकवावा, लहान आकार जुळत नसेल तर मोठा घ्यावा, तोही जुळत नसेल तर कागद उलटा करून आरशातली प्रतिमा पाहावी. वीस ठिपक्यांतून सहा ठिपके निवडण्याचे ३८,७६० प्रकार आहेत. ‘साधारण जुळले तरी चालेल’ अशी सवलत दिली की कोठे ना कोठे कृत्तिका सापडतात, आणि ज्या मुलाला त्या सापडतात त्याचा चेहरा अगदी शोध लागल्यासारखा उजळतो. त्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये. त्याला एवढेच विचारावे की तू कागद किती वेळा फिरवलास.

या खेळामागचे गणित सोपे आहे. एखादा आकार उचलून दुसरीकडे बसवताना आपण चार गोष्टी मोकळ्या ठेवतो: आडवे सरकवणे, उभे सरकवणे, फिरवणे आणि लहानमोठे करणे. या चार मुभांच्या बळावर कोणतेही दोन बिंदू दुसऱ्या कोणत्याही दोन बिंदूंवर तंतोतंत बसवता येतात. त्यात काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे सहा ठिपके जुळले असे आपण म्हणतो तेव्हा पुरावा म्हणून उरतात ते चारच. विवरातल्या त्रिकोणात तर मुळात तीनच बिंदू आहेत. त्यांतले दोन आपोआप जुळणार, आणि उरलेला एकटा तिसरा बिंदू सगळा भार वाहणार. त्यातच डोळे जोडायचे की चोच, शिंगाचे टोक, हाताचा पंजा, हे निवडणारा अभ्यासकच, आणि आकाशातले साध्या डोळ्यांनी दिसणारे सुमारे ६,००० तारे त्याच्या दिमतीला. म्हणून विवरातल्या त्रिकोणाला मी पुरावा मानत नाही. बैलाच्या सहा ठिपक्यांचे पारडे त्यापेक्षा जड आहे. तेथे ठिपके तर आहेतच, शिवाय ते बैलाच्याच खांद्यावर आहेत आणि चेहऱ्यावरही आहेत, असे तीन स्वतंत्र दुवे एकत्र येतात. अशा प्रकारच्या जेवढ्या दाव्यांशी माझा संबंध आला, त्यांत हा एक मला खरोखर विचार करायला लावणारा वाटतो.

तरीही एक गोष्ट बैलाच्या विरुद्ध जाते, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. लास्कोत सहा ठिपके फक्त बैलाच्या खांद्यावर नाहीत. विवरात त्या पडलेल्या माणसाच्या एका बाजूला गेंडा आहे आणि गेंड्याच्या शेपटीपाशीही सहा ठिपके आहेत: तीन-तीनच्या दोन सरळ ओळींत, फाशावरच्या सहासारखे. तशीच सहा ठिपक्यांची दुहेरी ओळ गुहेच्या दुसऱ्या टोकाला, मांजरकुळातल्या प्राण्यांच्या अरुंद बोळात, लाल रंगात पुन्हा भेटते. कृत्तिका काही दोन ओळींत उभ्या राहत नाहीत. याचा अर्थ असा की या गुहेत सहा ठिपके ही कोणती तरी खूण होती आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी काढली जात होती. तिचा अर्थ संख्या असेल, टोळीची निशाणी असेल, ‘येथे संपले’ असे काही असेल. बैलावरचा पुंजका त्याच खुणेचा सैलसर प्रकार आहे की अगदी वेगळी गोष्ट, हे ठरल्याशिवाय त्याला एकट्याला उचलून आकाशाला चिकटवणे मला पटत नाही. चेहऱ्याजवळच्या चार ठिपक्यांच्या रांगेला मृगाचा पट्टा म्हणणाऱ्यांची अडचण तर उघडच आहे: मृगातला बाण आपण लहानपणापासून तीन ताऱ्यांचा म्हणून ओळखतो, आणि तो तेव्हाही तिनाचाच होता.

दुसरा मोठा प्रश्न काळाचा आहे. येथे खगोलशास्त्र निर्दयपणे काटेकोर असते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्याची एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांत होते, आणि त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य जेथे असतो ती जागा, दर ७२ वर्षांत साधारण एक अंश मागे सरकतो. याला आपण परांचन म्हणतो. १७,००० वर्षांपूर्वीचे आकाश मांडले तर उत्तर ध्रुवबिंदू हंस तारकासमूहात येतो, आणि कृत्तिका शरद संपाताच्या आसपास जातात. राप्पेनग्ल्यूक यांच्या त्रिकोणाला यातूनच बळ मिळते, कारण अभिजित आणि हंसपुच्छ त्या काळी दोर्दोन्यच्या आकाशात ध्रुवाभोवतीच फिरत असत, मावळत नसत. पण हे सगळे १७,००० या आकड्यावर उभे आहे. लास्कोच्या चित्रांतले काळे आणि लाल रंग मॅंगनीज व लोह यांच्या खनिजांचे आहेत. त्यांत कोळसा नसल्याने चित्रांचे थेट कार्बन-१४ कालमापन करता येत नाही. वय ठरते ते गुहेच्या तळाशी सापडलेला कोळसा, हाडे, शिंगांची हत्यारे यांच्यावरून. १९५१ मध्ये विवरातल्या कोळशाचे मापन झाले आणि त्यावरून रूढ झालेला काळ साधारण १७,००० वर्षांपूर्वीचा. अलीकडच्या वर्षांत तेथील वस्तूंची नव्याने मापने झाली आणि त्यांतून २१,००० ते २१,५०० वर्षांचा आकडा पुढे आला आहे.

हा चार हजार वर्षांचा फरक पुरातत्त्वाच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, पण आकाशाच्या दृष्टीने तो पन्नास अंशांहून अधिक आहे. २१,००० वर्षांपूर्वी ध्रुवबिंदू हंसात नव्हता, तो वृषपर्वा समूहात होता. कृत्तिकाही शरद संपातापासून दूर, उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील सूर्याच्या जागी होत्या. म्हणजे त्या ऋतूत काही आठवडे त्या सूर्यतेजात लोपलेल्या असत. याच कारणामुळे एडिनबराचे मार्टिन स्वेटमन आणि अलिस्टेर कूम्ब्स यांनी २०१८ मध्ये केलेली मांडणीही मला स्वीकारता येत नाही. गुहाचित्रांतले प्राणी म्हणजे संपात आणि अयनबिंदूंवरचे (सर्वात मोठ्या व सर्वात लहान दिवशी सूर्य असतो त्या जागांवरचे) तारकासमूह, आणि विवरातले दृश्य म्हणजे इ.स.पू. १५,२०० च्या सुमारास धूमकेतूच्या तुकड्यांनी पृथ्वीवर केलेल्या आघाताची नोंद, असे ते म्हणतात. चित्राचा अर्थ काळावरून लावायचा, मग तो काळ चित्राच्या अर्थावरून पक्का करायचा, असे ते वर्तुळ आहे. कालमापनाचा आकडा हलला की वर्तुळ तुटते.

मुलांनी संगणकावरच्या तारांगणाच्या मोफत प्रणालीत हे स्वतः पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यात दोन ठिकाणी हमखास चुका होतात. खगोलीय गणनेत शून्य वर्ष असते, इतिहासाच्या गणनेत नसते. आणि ‘इतक्या वर्षांपूर्वी’ व ‘इ.स.पू.’ यांत दोन हजार वर्षांचा फरक असतो, तो विसरला की आकाश सुमारे अठ्ठावीस अंशांनी चुकते. स्थळाचे अक्षांश सुमारे ४५ अंश उत्तर ठेवावेत, कारण पुण्या-मुंबईच्या अक्षांशांवरून पाहिले तर ताऱ्यांचे उदयास्त वेगळे दिसतील. प्रथम १७,००० आणि मग २१,००० वर्षांपूर्वीचे आकाश लावून कृत्तिकांचा पहाटेचा पहिला उदय कोणत्या ऋतूत होतो ते टिपून ठेवावे. ते दोन चित्रांत शेजारी दाखवले, तर प्रदर्शनातली ती सर्वात मोलाची गोष्ट ठरेल.

‘पण मग हे ठिपके आहेत तरी काय?’ असा प्रश्न मुले विचारतील. आकाशाशिवाय दुसरे उत्तर आहे, आणि ते भिंतीवरूनच आलेले आहे. नॉर्बेर ओजुला या फ्रेंच संशोधकाने लास्कोच्या भिंतींचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला. कोणत्या रेषेवर कोणती रेषा चढली आहे हे पाहून त्यांनी चित्रे काढण्याचा क्रम लावला: आधी घोडे, मग रानबैल, मग हरणे. प्रत्येक प्राण्याच्या अंगावरची लव, पोटाचा रंग, शिंगे यांवरून ऋतू ओळखता येतो, आणि तो क्रमही तसाच निघाला: घोडे हिवाळ्याअखेरचे व वसंतारंभीचे, बैल उन्हाळ्याचे, हरणे शरदातली, माजावर आलेली. प्रत्येक प्राणी त्याच्या विणीच्या काळातल्या रूपात काढलेला आहे. लास्कोत ओळखता येणाऱ्या सुमारे ६०० प्राण्यांत ३६४ घोडे आहेत, आणि त्या माणसांच्या आहारात ज्याची हाडे भरपूर सापडतात तो रेनडियर मात्र भिंतीवर एकच. म्हणजे भिंतीवर जेवणाची यादी नाही; वर्षाचे चक्र आहे. मला ओजुला यांची ही मांडणी सर्वात भक्कम वाटते, कारण तिच्यात भिंतीबाहेरचे काहीही जुळवून घ्यावे लागत नाही.

पण याच मांडणीमुळे आकाशाची शक्यता संपत नाही, उलट तिला एक दार उघडते. जो समाज बैलाच्या लवेवरून उन्हाळा ओळखत होता, त्याला उन्हाळ्याच्या पहाटेचे तारे माहीत नव्हते, असे मानणे मला अशक्य वाटते. ऑस्ट्रेलियात याचा पुरावा आहे, आणि तो भिंतीवरून अंदाजाने काढलेला नाही, लोकांच्या तोंडून घेतलेला आहे. व्हिक्टोरियातील बूरोंग लोकांची आकाशविद्या विल्यम स्टॅनब्रिज यांनी १८५७ मध्ये लिहून ठेवली. अभिजित हा तारा त्यांच्या भाषेत नेल्लोअन, म्हणजे मातीचा ढीग रचून अंडी घालणारा मॅली पक्षी. त्याच्या आकाशातल्या स्थितीवरून अंडी गोळा करण्याचा काळ कळत असे. सिडनीजवळच्या कु-रिंग-गाय राष्ट्रीय उद्यानात एमू पक्ष्याचे एक शिल्प खडकावर कोरलेले आहे. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांतून तेथील लोकांना जो आकाशातला एमू दिसतो, तो वर्षाच्या एका काळात त्या शिल्पाच्या वर नेमका त्याच ठेवणीत येतो, आणि तोच खऱ्या एमूच्या अंड्यांचा काळ. तेथे कथा सांगणारी माणसे आहेत, ऋतूचा उपयोग आहे आणि खडकही आहे. लास्कोत या तिघांपैकी फक्त खडक उरला.

कृत्तिका खरोखर काढलेल्या असतील तर कशा दिसतात, हेही पाहायला हवे. जर्मनीतल्या नेब्रा येथे १९९९ मध्ये सापडलेली कांस्ययुगीन तबकडी इ.स.पू. १६०० च्या आसपासची. तिच्यावर सोन्याच्या पत्र्याची चंद्रकोर आहे, एक पूर्ण बिंब आहे, विखुरलेले तारे आहेत, आणि त्यांच्यामध्ये सात ठिपक्यांचा एक गुच्छ. तेथे कृत्तिका मानायला बहुतेक कोणी हरकत घेत नाही, कारण चंद्र शेजारीच आहे आणि तबकडीच्या काठावरच्या कमानी उन्हाळी व हिवाळी अयनांतल्या सूर्योदयाचा पल्ला दाखवतात. पण तो गुच्छ नीट पाहा: मध्ये एक ठिपका आणि भोवती सहा, फुलासारखे. खऱ्या कृत्तिकांशी त्या आकाराचे काहीही साम्य नाही. ज्यांना कृत्तिका दाखवायच्या होत्या त्यांनी मोजून जागा जुळवल्या नाहीत, खूण काढली. मग ठिपक्यांच्या जागा अंशाअंशाने जुळवून लास्कोचा बैल सिद्ध करू पाहणारी रीतच मुळात योग्य आहे का, हा प्रश्न मला अलीकडे जास्त छळतो. जुळले तरी ते योगायोगाने असू शकते, आणि न जुळले तरी कृत्तिका असू शकतात. निर्णय द्यायचा तो शेजारच्या खुणांवरून, आणि लास्कोत बैलाशेजारी चंद्रकोर नाही, क्षितिज नाही.

बैल आकाशातला मानण्यातही एक अडचण आहे. वृषभ ही रास आपल्यापर्यंत बाबिलोनहून ग्रीकांमार्फत आली. तेथे ती ‘स्वर्गातला बैल’ होती, आणि तिचा लिखित मागोवा फार तर तीन-चार हजार वर्षे मागे जातो. लास्कोपासून तेथपर्यंत बारा हजारांहून जास्त वर्षांचे मौन आहे. त्याच ताऱ्यांना आपल्या पूर्वजांनी बैल म्हटले नाही, गाडा म्हटले: रोहिणी शकट. कृत्तिका त्यांना खांद्यावरच्या दिसल्या नाहीत, त्यांनी त्यांना माता मानले. व्ही-आकारात बैल ‘दिसतोच’ असे नाही. तो शिकवला की दिसतो. माझ्या वर्गातल्या नव्या मुलांना तो आकार पतंगाचे टोक वाटतो, शिडीचा वरचा भाग वाटतो. बैल असे आपणहून कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

आपल्या देशातले एक उदाहरण मुलांना सांगण्यासारखे आहे, कारण त्यामागे मुंबईचे अभ्यासक आहेत आणि त्यांची रीत शिकण्याजोगी आहे. श्रीनगरजवळच्या बुर्झाहोम या नवाश्मयुगीन वसाहतीच्या उत्खननात एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर शिकारी आहेत, शिंगे असलेला प्राणी आहे, आणि वर किरणे असलेली दोन तेजस्वी बिंबे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया, तसेच हृषीकेश जोगळेकर आणि अनिकेत सुळे यांनी असा विचार मांडला की आकाशात दोन सूर्य असू शकत नाहीत, तेव्हा दुसरे बिंब एखाद्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट होऊन एकाएकी झळाळलेल्या ताऱ्याचे, असावे. त्यांनी आधी अटी ठरवल्या: स्फोट पुरेसा तेजस्वी हवा, काळ जुळायला हवा, आकाशातली जागा सूर्य-चंद्राच्या वाटेजवळ हवी. मग अशा स्फोटांच्या आकाशातल्या ज्ञात अवशेषांची यादी तपासून एचबी-९ हा एक उमेदवार निवडला, ज्याचा स्फोट इ.स.पू. ४६०० च्या सुमारास दिसला असावा. शिकारी म्हणजे मृग, प्राणी म्हणजे वृषभ, असे बाकीचे दृश्य मग जुळते. मला हा दावाही सिद्ध वाटत नाही. बुर्झाहोमची वसाहत साधारण इ.स.पू. ३००० पासूनची मानली जाते, आणि शिकारीचे दृश्य हे शिकारीचेच असू शकते. पण अटी आधी आणि शोध नंतर, हा क्रम बरोबर आहे, आणि त्यामुळेच त्या दाव्याशी नीट वाद घालता येतो. लास्कोच्या बाबतीत हा क्रम नेहमी उलटा राहिला.

लास्कोच्या बाजूने माझे मत बदलायचे असेल तर काय सापडावे लागेल, हेही सांगून ठेवतो. त्याच संस्कृतीच्या दुसऱ्या गुहांत, बैलाच्याच खांद्यावर, सहा-सात ठिपक्यांचा सैल पुंजका पुन्हापुन्हा यावा आणि घोड्याच्या किंवा हरणाच्या खांद्यावर तो येऊ नये. एक चित्र योगायोग असू शकते, दहा चित्रे नसतात. तुलना करणाऱ्याने गुहांची यादी आणि जुळण्याची मर्यादा आधी लिहून ठेवावी, मग भिंती पाहाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, बातमीत येण्यासारखे नाही, पण होण्याजोगे आहे. आज अनेक गुहांच्या त्रिमितीय नोंदी झालेल्या आहेत.

आता फलकाविषयी. चित्र जरूर लावा, ते काढून टाकू नका. त्याखाली मी लिहिले असते ते असे: ‘लास्को गुहेतील रानबैल, फ्रान्स, वय सुमारे १७,००० ते २१,००० वर्षे. खांद्यावरचे सहा ठिपके कृत्तिका असावेत, असे काही अभ्यासक मानतात. तुम्हाला काय वाटते? शेजारचा ट्रेसिंग कागद वापरून पाहा.’ आणि शेजारी मोहरीचे ताट, तीन आकारांतल्या कृत्तिका व एक वही ठेवा. वहीत प्रत्येक पाहुण्याने कागद किती वेळा फिरवला, सरकवला, उलटा केला आणि शेवटी जुळले की नाही, एवढेच लिहायचे. प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत असेल तर संध्याकाळी सात-आठच्या सुमारास शाळेच्या गच्चीवरून कृत्तिका आणि रोहिणी पूर्वेकडे चांगल्या वर आलेल्या असतात. मुलांना पाच मिनिटे नुसते पाहू द्या, कागद-पेन्सिल देऊ नका. दुसऱ्या दिवशी वर्गात, खिडक्या बंद करून, आठवणीतून कृत्तिका काढायला सांगा, कारण लास्कोच्या चित्रकारानेही दिव्याच्या उजेडात, आकाश समोर नसताना, आठवणीतूनच हात चालवला होता. ती चित्रे बैलाच्या फोटोखाली ओळीने लावा.